सोमवारचं पाणी

हेळवणच्या व्हाळाला सोमवारी ८२ गुण मिळत होते. मंगळवारी ६०, बुधवारी ४२, आणि आठवड्याचे उरलेले चार दिवस ३४. पंधरा आठवडे हाच क्रम चालला होता, दोन-चार गुणांचा फरक सोडला तर.

हर्षदा खराडे हिने हा तक्ता शुक्रवारी दुपारी पाहिला. तिच्याकडे असे एकशे अठरा ओढे होते आणि प्रत्येकाचा वार्षिक अहवाल सोमवारी संध्याकाळी सहाच्या आत जायचा होता. बाकीच्या अधिकाऱ्यांप्रमाणे तीही फक्त सरासरी बघायची. ती पावसाळ्यानंतरच्या पंधरा आठवड्यांचीच धरत. हेळवणची सरासरी होती ४६. गेल्या वर्षी ३३ होती, त्याआधी ३५. म्हणजे ओढा सुधारला होता. तिने सही करायला बोट टेकवलं आणि मग सवयीने, केवळ सवयीने, रोजचे आकडे उघडले.

ओढा आजारी पडतो तसा हळूहळू बरा होतो. दर सोमवारी बरा होऊन गुरुवारी आजारी पडणारा ओढा तिने एकतीस वर्षांच्या नोकरीत पाहिला नव्हता.

तिने वरिष्ठांना फोन लावला. विहान सरनाईक तिच्याहून चोवीस वर्षांनी लहान होता आणि त्याने आजवर एकाही ओढ्यात पाय घातला नव्हता. माणूस वाईट नव्हता.

"मॅडम, यंत्र प्रमाणित आहे ना?"

"आहे."

"जूनमध्ये तपासणी झाली ना?"

"झाली. यंत्रात दोष नाही."

"मग ४६ ला सही करा. गाव खूश, आपण खूश. तुम्ही मे महिन्यात निवृत्त होताय. कशाला उन्हात जाताय?"

"सोमवारी जाऊन येते," हर्षदा म्हणाली. "सहाच्या आत अहवाल देते."

*

यंत्राबद्दल थोडं सांगायला हवं.

पाण्यात राहणारा प्रत्येक जीव स्वतःचे कण पाण्यात सोडत असतो. कातडीचा कपचा, अंगावरची बुळबुळ, विष्ठा. त्या प्रत्येक कणात त्या जीवाची ओळख लिहिलेली असते. प्रवाह-वाचक नावाचं यंत्र ओढ्याच्या काठी सिमेंटच्या खांबावर बसवतात. खांबाच्या तळाशी एक नळी पाण्यात सोडलेली असते. रोज सकाळी दहा वाजता यंत्र त्या नळीने चार लिटर पाणी ओढतं, गाळतं, गाळणीत अडकलेल्या कणांमधली ओळख वाचतं आणि कोणकोणते जीव इथे आहेत याची यादी करतं. काही किडे घाणीतही जगतात, त्यांना गुण कमी. काही किड्यांना स्वच्छ, थंड, खळखळतं पाणीच लागतं, त्यांना गुण जास्त. यादीवरून बेरीज होते.

पूर्वी हे काम हाताने व्हायचं. पाण्यात उतरायचं, जाळी धरायची, जाळीपुढचे दगड पायाने ढवळायचे आणि जाळीत आलेले किडे पांढऱ्या ट्रेमध्ये ओतून मोजायचे. एका ओढ्याला एक दिवस लागे. यंत्र आल्यावर एक माणूस एकशे अठरा ओढे बघू लागला.

कायदा यंत्रानंतर दोन वर्षांनी आला. ज्या ओढ्याला सलग तीन वर्षं चाळीसहून कमी गुण मिळतील त्याचं नाव 'प्रवाह' या यादीतून काढून 'निचरा' या यादीत घालायचं. प्रवाहाला हात लावता येत नाही. निचऱ्यावर काँक्रीट टाकून तो झाकता येतो. हेळवणचा व्हाळ, म्हणजे ओढाच, तळकोकणात ओढ्याला व्हाळ म्हणतात, नव्या महामार्गाच्या जोडरस्त्याच्या आड येत होता. हे त्याचं तिसरं वर्ष होतं.

*

सोमवारी नऊला हर्षदा हेळवणला पोचली. गाडी वर रस्त्यावर ठेवून पायवाटेने खाली आली आणि करंजाच्या झाडामागे थांबली. लपायचं तिच्या मनात नव्हतं. समोर जे चाललं होतं त्यात मध्येच बोलणं बरं दिसलं नसतं.

यंत्राच्या खांबापुढे विश्राम गुरव उभा होता. उघडा, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, हातात तांब्याची कळशी. यंत्राच्या पत्र्याच्या पेटीवर जास्वंदीचं फूल होतं. मागे त्याची बायको सुगंधा छत्री उघडून उभी होती आणि कंटाळून एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देत होती.

विश्रामने कळशी पेटीवर हळूहळू रिकामी केली. पाणी पेटीवरून खांबावर, खांबावरून नळीच्या तोंडाशी उतरलं. मग त्याने हात जोडले आणि गाऱ्हाणं घातलं.

"बा सरकारी राखणदारा!"

"व्हय म्हाराजा," सुगंधा म्हणाली.

"आज सोळावो सोमवार. रायेतल्या झरीच्या पाण्यान तुका आंघोळ घातली आसा. शिळा पाणी न्हय, ताजा."

"व्हय म्हाराजा."

"तू हय दिवस-रात उभो रवतस, सगळा बगतस, आणि थय मुंबयक कळयतस. तर आमच्या व्हाळाचा बरा आसात तितक्या मुंबयक सांग. आणि वायट आसात ता आमच्या कानात सांग. आमी काय ता बगतलंव."

"व्हय म्हाराजा. आवरा आता, चुलीर भात आसा."

हर्षदाला हसू आलं आणि लगेच गेलं. पंधरा आठवड्यांचा तक्ता तिच्यापुढे उभा होता.

*

विश्राम गुरवाला ती बावीस वर्षं ओळखत होती. त्यातली एकोणीस वर्षं तो तिचा मदतनीस होता. या पट्ट्यातल्या प्रत्येक ओढ्यात दोघं कमरेइतक्या पाण्यात उभे राहिले होते. ती शास्त्रीय नावं लिहायची, तो स्वतःची नावं ठेवायचा. तीन शेपटी. दोन शेपटी. वाळूचे कण तोंडातल्या धाग्याने चिकटवून अंगाभोवती नळीसारखं घर करणारा आणि ते ओढत फिरणारा किडा, तो घरवाला. दोन वर्षांत ती स्वतःच्या वहीतही घरवालाच लिहू लागली.

यंत्र आलं तेव्हा मदतनीसाचं पद गेलं. हे सांगायला तिने फोन केला होता. स्वतः आली नव्हती. वेळ नव्हता, हे खरं होतं. वेळ काढला नव्हता, हेही.

गुरवाच्या पडवीत बसल्यावर सुगंधाने चहा दिला.

"तीन वर्षांनी इलास, बाई. माका वाटला, आमचो रस्तो इसारलास."

"विसरले नाही, काकू."

"मगे रस्तो लांब झालो आसतलो."

"गप गो," विश्राम म्हणाला. "बाई, पास झालो मा व्हाळ? ग्रामपंचायतीत बोर्ड लागलो, सेहेचाळीस. लोकांनी माका पेढो दिलो."

हर्षदाने कप खाली ठेवला. "काका, रायेतलं पाणी कधीपासून घालताय?"

"कार्तिकातल्या पयल्या सोमवारपासून. राय डोंगराच्या पलीकडे. पहाटे जातंय, देवाक आंघोळ घालतंय, परतताना एक कळशी हेका. वर्षभर उन्हापावसात उभो आसता. गावात येवन रवलो, तर राखणदारच झालो मा?"

"आणि तुम्हाला काय वाटतं, ते कसं बघतं?"

विश्रामने तिच्याकडे पाहिलं. "डोळे आसतले. कॅमेरो."

मग तिने त्याला सांगितलं. कण, गाळणी, ओळख, यादी. एकोणीस वर्षं किडे मोजलेल्या माणसाला हे समजायला पाच मिनिटं लागली. रायेतली झर देवाच्या नावाने राखलेल्या जंगलात होती, तिथे अजून दोन शेपटी होते, तीन शेपटी होते, घरवाले होते. त्यांच्या ओळखीने भरलेली कळशी दर सोमवारी यंत्राच्या डोक्यावर रिकामी होत होती, आणि तासाभराने यंत्र तेच पाणी पीत होतं. खांबाखालच्या दगडांत अडकलेलं पाणी मंगळवारी, बुधवारी थोडं थोडं निघत होतं. गुरुवारी यंत्राला पुन्हा हेळवणचा व्हाळ दिसत होता.

"म्हणजे ब्याऐंशी मार्क रायेचे," विश्राम म्हणाला.

"रायेचे."

"आणि व्हाळाचे?"

"चौतीस."

विश्रामने खाली व्हाळाकडे पाहिलं. मग म्हणाला, "तुम्ही माका कधी सांगलासच नाय, ता कसा बगता."

"नाही सांगितलं."

"मी सोळा सोमवार लबाडी केलंय."

"तुम्हाला माहीत नव्हतं. आणि हे बघा, काका." हर्षदाने आवाज खाली आणला. गाडीत तिने हे वाक्य तयार केलं होतं. "हे आपल्या तिघांनाच माहीत आहे. यंत्र प्रमाणित आहे. साहेबांना ४६ चालतो. मी सही केली तर रस्ता वळवावा लागेल. व्हाळ राहील. मी थकले आहे, मला वाद घालायचा नाही."

सुगंधा चुलीकडे निघाली होती, ती थांबली.

"बाटली आठवता?" विश्रामने विचारलं.

हर्षदाला आठवत होती. बावीस वर्षांपूर्वीचा पहिला दिवस. शहरातून बाई येणार, पाण्यात उतरणार, तिचे पाय कशाला भिजवायचे, म्हणून या माणसाने आदल्या दिवशी रायेत जाऊन किड्यांनी भरलेली बाटली आणून ठेवली होती. मोठ्या अगत्याने. तिने ती न मोजता त्याला परत उचलायला लावली, दोघं डोंगर चढून गेले आणि किडे जिथले तिथे सोडले.

"काय सांगलास तेव्हा माका?"

"आणलेलं मोजायचं नाही," हर्षदा म्हणाली.

"मगे देवाचा पाणी व्हाळाच्या नावार कसा लिवतलास?"

ती उठली. गाडीच्या डिकीत जाळी होती. ती का आणली हे तिने स्वतःला विचारलं नव्हतं.

"कलम अकरा," ती म्हणाली. "यंत्राच्या नोंदीबद्दल शंका असेल तर अधिकाऱ्याने हाताने नमुना घ्यावा. हाताचे गुण ते अंतिम. अजून रद्द झालेलं नाही, कारण कोणी वापरत नाही. सहापर्यंत वेळ आहे. येताय?"

विश्रामने धोतर पुन्हा खोचलं.

*

चिऱ्याची खाण वरच्या अंगाला होती. चार वर्षांपूर्वी बंद झाली, पण तिची तांबडी माती अजून व्हाळाच्या तळाशी होती. किड्यांना दगडांमधल्या फटी लागतात. फटी मातीने भरल्या की ओढा दिसायला तसाच राहतो आणि आतून रिकामा होतो.

त्यांनी खांबाच्या वर पन्नास मीटर आणि खाली पन्नास मीटर, ठरलेल्या वीस जागा घेतल्या. ती जाळी धरायची, तो दगड ढवळायचा. पूर्वी हे उलट असे. त्याच्या गुडघ्यांना आता जाळी धरून वाकणं जमत नव्हतं. तिच्याही कंबरेला जमत नव्हतं, पण जाळी कोणी तरी धरायला हवी होती.

"चिखलातली तांबडी अळी," तो ट्रेवर वाकून म्हणायचा. "गोगलगाय. परत अळी. जळू."

ती लिहायची. हे सगळे घाणीत जगणारे. यांचे गुण कमी.

एका जागी दोन शेपटीचं नुसतं कवच मिळालं. मेलेलं, आणलेलं. त्याने ते पाण्यात टाकलं. अडीचला सुगंधा भाकरी घेऊन आली आणि काठावर बसून राहिली. चारला एकोणीस जागा झाल्या. हर्षदाने बेरीज केली. ३७.

विसावी जागा खांबाच्या खाली दोन मीटरवर होती. तिथे घरवाले मिळाले, सहा. पाच घरं रिकामी होती. सहावं ट्रेच्या पांढऱ्या तळावर पडलं, जरा वेळ तसंच राहिलं, मग पुढच्या टोकातून सहा पाय बाहेर आले आणि घर ओढत चालू लागलं.

एक जिवंत घरवाला सापडला की चार गुण वाढतात. ४१.

हर्षदाने भिंग काढलं.

रायेतल्या झरीची वाळू काळी आहे. हेळवणच्या व्हाळाची तांबडी. घरवाला वाढतो तसं घर पुढच्या बाजूने वाढवत नेतो, मागचं तसंच राहतं. रिकामी पाचही घरं टोकापासून टोकापर्यंत काळी होती. या सहाव्याचं मागचं अर्धं घर काळं होतं आणि पुढचं अर्धं तांबडं.

तिने भिंग विश्रामला दिलं. त्याने बराच वेळ पाहिलं.

"महिनाभर तरी झालो हेका हय येवन," तो म्हणाला. "कळशीतसून इलो, पण घर हय बांधलान." आणि मग सकाळी जे बोलला होता ते विसरून, किंवा न विसरता, म्हणाला, "हेका मोजूया, बाई."

"आणलेला आहे, काका."

"इलो आणलेलो. आता हयलो झालो."

"माका कोणी आणलेली न्हय?" काठावरून सुगंधा म्हणाली. "आचऱ्यासून आणली, वरातीतसून. पंचेचाळीस वर्सां झाली. रेशनकार्डार नाव आसा, मतदार यादीत आसा. मी काय आजून पावणी? बाई, तुमच्या कायद्यान मी खयची?"

हर्षदाने ट्रे उन्हात नीट धरला. किडा ट्रेच्या कडेला पोचला होता आणि चढायची जागा शोधत होता. अहवालात रकाना होता: 'या प्रवाहात वस्ती असलेले'. एक किडा, एक महिना, दर सोमवारी वरून ताजं पाणी. पुढच्या सोमवारी कळशी आली नाही तर हा जगेल का, हे तिला माहीत नव्हतं. माहीत असतं तर तिने लिहिलं असतं. सकाळी ती न बघता ४६ लिहायला तयार होती. आता बघितल्यावर ४१ लिहिणं तिला जमेना, आणि याचा तिला रागही आला.

"काकू, तुम्ही आलात तेव्हा इथे घर होतं," ती म्हणाली. "माणसं होती. मुलं झाली. याला इथे दुसरं कोणी नाही. हा उद्या मेला तर वस्ती संपली. मी एकाला वस्ती लिहू शकत नाही."

"म्हणजे नापास," विश्राम म्हणाला.

"नापास."

त्याने ट्रे तिच्या हातातून घेतला, व्हाळात वाकला आणि घरवाल्याला दोन दगडांच्या मधे सोडलं. परत उभं राहायला त्याला सुगंधाचा हात लागला.

*

पाच चाळीसला हर्षदाने पडवीत बसून अहवाल भरला. हातनमुना, कलम अकरा, गुण ३७. साक्षीदार म्हणून विश्रामने सही केली, गुरवाची, पूर्ण नावाची, वेळ लावून. शेऱ्याच्या जागेत तिने घरवाल्याच्या घराबद्दल लिहिलं, मागचं काळं, पुढचं तांबडं, लांबी अकरा मिलिमीटर. शेरे कोणी वाचत नाही. तरी लिहिलं.

सहाला पाच मिनिटं असताना विहान सरनाईकचा फोन आला.

"मॅडम, यंत्र ४६ म्हणतंय आणि तुम्ही ३७?"

"दर आठवड्यातल्या तीन दिवसांचे आकडे बाहेरच्या पाण्याचे आहेत. कारण जोडलंय."

"तुम्हाला कळतंय ना, हा निचरा झाला?"

"कळतंय."

"उद्या यंत्र काढावं लागेल. निचऱ्यावर यंत्र ठेवत नाहीत." मग जरा वेगळ्या आवाजात म्हणाला, "जोडरस्त्याच्या निविदेला अजून दोन-तीन वर्षं लागतील, मॅडम. लगेच काही झाकत नाहीत."

"परत प्रवाहात आणायचा अर्ज असतो ना?"

"असतो. नमुना बारा. आजपर्यंत कोणी भरलेला नाही. सलग दोन वर्षं हाताने मोजून चाळीसच्या वर दाखवावं लागतं. आणि त्याला खात्याचा माणूस मिळत नाही."

"निवृत्त माणूस चालतो का?"

"नियमात तसं काही म्हटलेलं नाही," तो म्हणाला. "बघतो."

तिने फोन ठेवला. खाली व्हाळाचा आवाज येत होता. तो सकाळी होता तेवढाच होता.

विश्राम भिंतीला टेकून बसला होता. कळशी पालथी घालून पायापाशी ठेवली होती.

"मगे सोमवारी पाणी घालू काय नको?" त्याने विचारलं. "गुन्हो जायत तर घालूचंय नाय."

"प्रवाहात बाहेरचं पाणी घालायला बंदी आहे," हर्षदा म्हणाली.

"आणि निचऱ्यात?"

तिने आठवून पाहिलं. कायद्याची चौऱ्याण्णव कलमं होती आणि त्यांतली बरीच तिला पाठ होती.

"निचऱ्यात काय घालावं, याला नियमच नाही."

विश्रामने मान वर केली.

"कळशी लहान आहे, काका," ती पायातली ओली चप्पल काढत म्हणाली. "हंडा घ्या. झरीच्या तळाची खडी थोडी, किड्यांसकट. आणि खांबाच्या डोक्यावर नको. वरच्या अंगाला, दगडांत ओता. जून लागेपर्यंत दर सोमवारी. जूनमध्ये मी मोकळी आहे, मोजायला येते."

आत भांडी घासत असलेली सुगंधा हात न थांबवता म्हणाली, "व्हय म्हाराजा."